१९३७ ला जिंकले, १९५२ ला हरले : बाबासाहेबांच्या निवडणुकांमध्ये मतदानाच्या पद्धतीनं काय केलं?

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतले लोक महापालिकेसाठी मत द्यायला गेले, तेव्हा बहुतेकांना एक नाही तर चार मतं द्यायची होती. ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ नगरसेवक निवडायचे होते, कल्याण-डोंबिवलीत ३१ प्रभागांतून १२२. एका प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी एक मत. हाच तो पॅनल.

याच कल्याण-डोंबिवलीत २०१५ ला एक प्रभाग, एक नगरसेवक अशी पद्धत होती. बाजूच्या मुंबईत २०२६ लाही तीच राहिली. म्हणजे रेल्वेलाइन एक, पण मुलुंडला मत द्यायची रीत वेगळी आणि ठाण्याला वेगळी.

आता एक प्रश्न. आपल्या हातातली चारही मतं एकाच आवडत्या उमेदवाराला देता आली असती तर?

प्रश्न अजब वाटेल, पण मुंबई प्रांतात एकेकाळी हे चक्क कायदेशीर होतं. १९३७ च्या निवडणुकीत मतदार आपली सगळी मतं एकाच माणसाच्या पारड्यात टाकू शकत होता. १५ वर्षांनी त्याच मुंबईत दोन मतं एकाच्या पेटीत टाकली की त्यातलं एक बाद व्हायला लागलं.

या दोन्ही नियमांखाली निवडणूक लढवलेला एक माणूस होता. पहिल्या वेळी तो जिंकला, दुसऱ्या वेळी हरला. त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचं आयुष्य आपण शिक्षण, महाड, संविधान, धम्म या टप्प्यांनी वाचतो. पण मतं कशी द्यायची आणि कशी मोजायची, हा प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या राजकारणात होता. त्या बाजूनं त्यांचं आयुष्य बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. लोक तेच असतात, त्यांची इच्छाही तीच असते, पण मोजण्याचा नियम बदलला की निकाल बदलतो.

मतदार यादीत नावच नाही

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेज, मग १९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ. तिथून लंडन. पैशाअभावी शिक्षण मध्येच सोडून परत यावं लागलं आणि १९१८ ला ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्याच सुमारास इंग्रज सरकार भारतात मताधिकार कुणाला द्यायचा याचा विचार करत होतं. त्यासाठी साउथबरो समिती नेमली होती. २७ जानेवारी १९१९ ला या समितीपुढं २७ वर्षांच्या आंबेडकरांनी साक्ष दिली.

तेव्हा मत देण्याचा हक्क जमीन, सारा, घरभाडं अशा गोष्टींवर ठरायचा. ज्या समाजाला जमीनच मिळू दिली नाही, त्याची नावं यादीत कुठून येणार? त्यामुळं आंबेडकरांचा आग्रह असा की अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा, आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांना स्वतः निवडता येतील अशी व्यवस्था करा. दुसरा कुणी त्यांच्या वतीनं बोलणं हे प्रतिनिधित्व नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

पुढं १९२७ ला ते मुंबई विधिमंडळात गेले, पण निवडून नाही, सरकारनियुक्त म्हणून. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरला शिवजयंती उत्सवाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. रस्त्यावरची लढाई सुरू झाली होती. सभागृहातली मात्र अजून सरकारच्या मर्जीवर होती.

एक मत की दोन?

१९२८ ला सायमन कमिशन आलं. बहुतेक पक्षांनी बहिष्कार टाकला. आंबेडकरांनी मात्र बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं निवेदन दिलं आणि पुण्यात साक्षही दिली.

इथं त्यांची मागणी ऐकून आज अनेकांना आश्चर्य वाटेल. त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले नव्हते. त्यांना हवे होते संयुक्त मतदारसंघ, त्यात राखीव जागा आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत. फक्त एक अट होती. सगळ्यांना मत देणार नसाल, तर मग स्वतंत्र मतदारसंघ द्या.

कारण साधं आहे. सगळ्यांना मत असेल तर अस्पृश्यांची मतं संख्येनं मोठी होतात आणि कुठल्याही उमेदवाराला त्यांच्याकडं यावंच लागतं. मत मूठभरांनाच असेल तर राखीव जागेवरचा माणूसही ते मूठभर लोकच ठरवणार.

प्रौढ मताधिकार काही मिळण्याची चिन्हं दिसेनात. म्हणून लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला. ऑगस्ट १९३२ ला ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांचा जातीय निवाडा आला. त्यात दलितांना प्रांतांच्या विधिमंडळांत ७१ जागा मिळाल्या. पण खरी गोष्ट जागांच्या आकड्यात नव्हती, ती मतांच्या आकड्यात होती.

या निवाड्यात दलित मतदाराला दोन मतं होती. एक मत आपल्या खास मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडायला, दुसरं मत सर्वसाधारण मतदारसंघात इतरांच्या बरोबरीनं. पहिल्या मतानं आपला माणूस सभागृहात जाणार होता, दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला दलित वस्तीत यावं लागणार होतं. आंबेडकरांच्या लेखी ७१ जागांपेक्षा हे दुसरं मत जास्त मोलाचं होतं.

पुणे कराराची चौघांची यादी

पुढचा इतिहास माहितीचा आहे. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबर १९३२ ला उपोषण सुरू केलं. देशभरातून आंबेडकरांवर दबाव आला आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण ते दुसरं मत गेलं आणि मतदारसंघ संयुक्त झाले.

करारात एक कलम मात्र असं होतं, ज्याची चर्चा फारशी होत नाही. राखीव जागेसाठी निवडणूक दोन टप्प्यांत होणार होती. पहिल्या टप्प्यात फक्त दलित मतदार मत देणार, प्रत्येकाला एकच मत, आणि सगळ्यात जास्त मतं मिळवणारे चार जण पुढं जाणार. दुसऱ्या टप्प्यात सगळे मतदार त्या चौघांतून एकाला निवडणार.

वरवर बघता दोन्ही बाजूंचा मान राखणारा तोडगा आहे. पण गणित करून बघा. चार जण निवडायचे आणि प्रत्येकाला एकच मत, म्हणजे एकूण मतांपैकी पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त मतं मिळवणारा यादीत हमखास येतो. शंभरातल्या २१ जणांचा पाठिंबा पुरला.

समजा एका उमेदवाराला स्वतःच्या समाजाची ६० टक्के मतं आहेत आणि चौथ्या नंबरवरच्याला १० टक्के. दोघंही यादीत. पुढच्या टप्प्यात सवर्ण मतदार संख्येनं जास्त. त्यांना चौथ्या नंबरचा माणूस सोयीचा वाटला, तर तोच आमदार होणार. चारपेक्षा जास्त उमेदवार नसतील, तर पहिला टप्पा घ्यायचीही गरज नव्हती.

पुढं आंबेडकरांनी आपल्या लिखाणात नेमकं यावर बोट ठेवलं. आपल्या समाजाच्या मतांत पहिला येणारा माणूस शेवटच्या निवडणुकीत हरतो आणि मागं राहिलेला जिंकतो, मग हा प्रतिनिधी कुणाचा, असा त्यांचा सवाल होता.

१९३७ : सगळी मतं एकालाच

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या सुरुवातीला प्रांतांच्या निवडणुका ठरल्या. आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्ष नवा आणि समोर काँग्रेस.

मुंबई प्रांतात अनेक जागांचे मतदारसंघ होते आणि त्यातली एखादी जागा राखीव असायची. अशा ठिकाणी मत कसं द्यायचं, यावर दोन पर्याय होते.

पहिला पर्याय, मतं वाटून देण्याचा. जेवढ्या जागा तेवढी मतं, पण एका उमेदवाराला एकच.

दुसरा पर्याय, क्युम्युलेटिव्ह व्होटिंगचा, म्हणजे मतं एकवटून देण्याचा. जेवढ्या जागा तेवढी मतं, पण ती वाटायची की सगळी एकालाच द्यायची हे मतदार ठरवणार. मुंबई प्रांतात ही दुसरी पद्धत लागू झाली.

दोन्हीतला फरक कळण्यासाठी डोंबिवलीतली एक काल्पनिक सोसायटी घ्या. १०० सभासद, कमिटीच्या ५ जागा. ६० जण एका गटाचे, ४० जण दुसऱ्या गटाचे. दोन्ही गट पाच-पाच उमेदवार उभे करतात.

एका उमेदवाराला एकच मत असा नियम असेल, तर पहिल्या गटाच्या पाचही जणांना ६०-६० मतं पडतात, दुसऱ्या गटाच्या पाचही जणांना ४०-४०. निकाल ५ विरुद्ध ०. चाळीस टक्के लोकांचा कमिटीत एकही माणूस नाही.

आता मतं एकवटायची मुभा द्या. ४० जणांकडं मिळून २०० मतं आहेत. ते पाच उमेदवार उभेच करत नाहीत, दोनच करतात आणि दोघांना १००-१०० मतं देतात. ६० जणांकडं ३०० मतं आहेत, ती पाच जणांत वाटली तर प्रत्येकी ६०. दुसऱ्या गटाचे दोन्ही उमेदवार निवडून येतात. निकाल ३ विरुद्ध २. माणसं तीच, त्यांची आवडही तीच, फक्त नियम बदलला.

संख्येनं कमी पण एकजूट असलेल्या गटाला ही पद्धत आपला माणूस आत पाठवण्याची ताकद देते. परळ-भायखळ्याच्या चाळींमधून अशी एकजूट उभी होती. आंबेडकर स्वतः बरीच वर्षं परळच्या चाळीत राहिलेले.

भायखळा-परळ भागातून ते उभे राहिले. काँग्रेसनं त्यांच्यासमोर उमेदवारही तगडा दिला. बाळू पालवणकर, म्हणजे दलित समाजातून आलेले आणि देशभर गाजलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. एकेकाळी आंबेडकरांनाही त्यांचं कौतुक होतं.

निकाल लागला. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. स्वतंत्र मजूर पक्षानं उभे केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक सगळे निवडून आले.

हा विजय एकट्या मतपद्धतीचा नव्हता. त्यामागं महाडपासूनची दहा वर्षांची चळवळ होती, कामगारांतली बांधणी होती. पण ती ताकद मतमोजणीत दिसावी एवढी जागा या पद्धतीनं ठेवली होती.

१९४६ : मुंबईत दार बंद, बंगालमध्ये उघडलं

१९४२ ते १९४६ आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. याच काळात त्यांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत मात्र फेडरेशनची धूळधाण झाली. अख्ख्या देशात दोन जागा, एक बंगालमध्ये आणि एक मध्य प्रांत-वऱ्हाडात.

संविधान सभेचे सदस्य प्रांतांचे आमदार निवडणार होते. मुंबईत फेडरेशनचा एकही आमदार नाही. मग बाबासाहेब संविधान सभेत जाणार कसे?

इथं तिसरी पद्धत त्यांच्या आयुष्यात आली. संविधान सभेची निवडणूक पसंतीक्रमानं होती. यालाच एकल संक्रमणीय मत म्हणतात. आमदारानं १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. निवडून यायला ठरावीक कोटा गाठायचा. कुणाला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली, तर जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडं सरकतात. कुणी तळाला राहून बाद झाला, तर त्याची मतंही पुढं सरकतात. शक्यतो कुणाचं मत वाया जात नाही.

या पद्धतीत जागा जितक्या जास्त तितका कोटा छोटा. बंगालमध्ये सर्वसाधारण गटाच्या २७ जागा होत्या. म्हणजे कोटा अठ्ठाविसाव्या हिश्शाहून जरा जास्त, साधारण साडेतीन-पावणेचार टक्के. मोजक्या आमदारांची पक्की पसंती पुरेशी होती.

बंगालमधले फेडरेशनचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी ती जुळवून आणली. आपला एक आणि इतर काही दलित आमदारांचा पाठिंबा मिळवून त्यांनी जुलै १९४६ मध्ये आंबेडकरांना बंगालमधून निवडून आणलं.

वर्षभरात फाळणी झाली आणि बंगालची ही जागा गेली. मुंबई प्रांतात एम. आर. जयकरांच्या राजीनाम्यानं एक जागा रिकामी होती. पण आता भरायची जागा एकच होती. जागा एक असली की पसंतीक्रमाच्या पद्धतीतही निम्म्याहून जास्त पाठिंबा लागतो, आणि मुंबईच्या विधानसभेत तो फक्त काँग्रेसकडं होता. यावेळी काँग्रेसनंच पुढाकार घेतला. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेरांना कळवलं आणि जुलै १९४७ मध्ये आंबेडकर मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

छोट्या कोट्यावर ते स्वतःच्या लोकांच्या बळावर आत गेले होते. मोठ्या कोट्यावर त्यांना कालच्या विरोधकांची मदत लागली.

१९४९ : स्वतःच विरोध केला

४ जानेवारी १९४९. संविधान सभेत लोकसभेच्या निवडणुकीवर चर्चा सुरू होती. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली. मागणी अशी की लोकसभेसाठी अनेक जागांचे मतदारसंघ असावेत आणि मतं एकवटून देण्याची पद्धत असावी, म्हणजे अल्पसंख्याकांना प्रमाणात जागा मिळतील.

ज्या पद्धतीनं १९३७ ला साथ दिली, तिचीच ही मागणी होती. आंबेडकरांनी विरोध केला.

त्यांची कारणं दोन. एक, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला मतदार साक्षर हवा. ज्या देशात बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, तिथं पसंतीक्रम आणि हिशोबाची पद्धत कशी चालणार? दोन, अशानं सभागृहात लहान लहान गट होतील, सरकार टिकणार नाही. नव्या देशाला आधी स्थिर सरकार हवं.

दुरुस्ती नामंजूर झाली. लोकसभेला सरळ पद्धत आली, ज्याला जास्त मतं तो विजयी. राष्ट्रपती आणि राज्यसभेच्या निवडणुकीला पसंतीक्रम राहिला, कारण तिथं मतदार आमदार-खासदार होते.

१९३२ ला अल्पसंख्याकाच्या बाजूनं भांडणारा माणूस आता अख्ख्या देशाचं यंत्र चालेल कसं, याची काळजी वाहत होता. याची किंमत तीन वर्षांनी त्यांनाच मोजावी लागली.

१९५२ : एक पेटी, दोन मतं, एक बाद

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत जिथं राखीव जागा होती, तिथं बहुतेक ठिकाणी दोन जागांचा एक मतदारसंघ केला होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. बॉम्बे सिटी नॉर्थ हा असाच मतदारसंघ. आंबेडकर इथून उभे राहिले.

प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या. तेव्हा उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची, पेटीवर निवडणूक चिन्ह. दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. १९३७ ला आपल्या माणसाला सगळी मतं द्यायची सवय असलेल्या मुंबईत आता तेच करणं चूक ठरलं.

मग दुसरं मत कुणाला द्यायचं? फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. ठरलं असं की दोन्ही पक्षांच्या मतदारांनी एक मत आंबेडकरांना द्यायचं, एक अशोक मेहतांना. समोर काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि राखीव जागेवर नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांकडून कॉम्रेड डांगेही रिंगणात होते.

जानेवारी १९५२ मध्ये मतदान झालं. काजरोळकरांना सुमारे १ लाख ३८ हजार मतं, आंबेडकरांना १ लाख २३ हजार ५७६. साडेचौदा हजारांच्या आसपास फरकानं संविधानाचे शिल्पकार हरले.

आता अशोक मेहतांचा आकडा बघा. त्यांना १ लाख ३९ हजारांवर मतं पडली, म्हणजे आंबेडकरांपेक्षा सुमारे १६ हजार जास्त. याचा अर्थ, मेहतांना मत दिलेल्यांपैकी किमान १६ हजार लोकांचं मत आंबेडकरांच्या खात्यात जमा झालं नाही. हा आकडा पराभवाच्या फरकापेक्षा मोठा आहे. युती कागदावर होती, पण दुसरं मत पेटीपर्यंत पोचताना गळालं.

गंमत म्हणजे मेहता काजरोळकरांपेक्षा जास्त मतं घेऊनही हरले. कारण राखीव जागा अनुसूचित जातीच्या उमेदवारांत सगळ्यात पुढं असलेल्याला जाणार होती आणि सर्वसाधारण जागेवर विठ्ठल गांधी मेहतांच्या पुढं होते.

आंबेडकर आणि मेहतांनी निवडणूक याचिका दाखल केली. ७४ हजारांहून अधिक मतं बाद झाली आणि मतं वाया घालवण्याचा प्रचार मुद्दाम केला गेला, असा त्यांचा आरोप होता. रोख कम्युनिस्टांवर होता. याचिका फेटाळली गेली.

तेव्हा काँग्रेसची लाट होती, नेहरूंची लोकप्रियता होती, हिंदू कोड बिलावरून आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिल्याला फार दिवस झाले नव्हते. पराभवाची कारणं अनेक. पण आपल्याच माणसाला दोन्ही मतं देण्याची मुभा या निवडणुकीत नव्हती, हे त्यातलं एक.

मागच्या दारानं नाही, दुसऱ्या मोजमापानं

याच वर्षी ते राज्यसभेत गेले. अनेकांना वाटतं, हरलेल्या नेत्याची सोय केली गेली. पण राज्यसभेची निवडणूक पसंतीक्रमाची होती. मुंबई राज्यातून १७ जागा भरायच्या होत्या, विधानसभेत ३१५ आमदार, म्हणजे कोटा साधारण १८ आमदारांचा. फेडरेशनकडं स्वतःचे तेवढे आमदार नव्हते, पण इतर पक्षांतली पसंती जुळली आणि ते निवडून आले.

मे १९५४ मध्ये त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा दोन वेगळी मतं, पुन्हा सोबतीला अशोक मेहता. या वेळी मेहता सर्वसाधारण जागेवर जिंकले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब काही हजार मतांनी हरले. त्यानंतर ते लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

१९५५ चा शेवटचा तोडगा

१९५५ ला आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. एका भाषेचं राज्य झालं की तिथं एखादी मोठी जात सगळ्यावर कब्जा करेल आणि लहान समाज चिरडले जातील, ही त्यांची चिंता होती.

त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय स्वतंत्र मतदारसंघांचा नव्हता आणि नुसत्या राखीव जागांचाही नव्हता. दोन-तीन जागांचे मतदारसंघ करा आणि मतदाराला मतं एकवटून देण्याची मुभा द्या, असं त्यांनी लिहिलं. १९४९ ला नाकारलेल्या पद्धतीकडं ते दोन पराभवांनंतर परत आले होते. मतदारांना जातीवर वेगळं न काढता लहान गटाला आवाज मिळण्याची ही वाट त्यांना दिसत होती.

पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं. तोडगा पुस्तकातच राहिला.

१९५७ लाही दोन जागांचे मतदारसंघ होते. ठाणे त्यातलंच एक. तिथून कम्युनिस्ट पक्षाचे श्यामराव परुळेकर आणि लक्ष्मण माटेरा असे दोघं लोकसभेत गेले. यातले परुळेकर १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. १९६१ ला कायदा करून असे मतदारसंघ बंद केले गेले.

मतं एकवटण्याची पद्धत मात्र भारतात एका ठिकाणी कायद्यात शिल्लक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६३ नुसार कंपनीला हवं असेल तर ती आपले संचालक पसंतीक्रमानं किंवा एकवटलेल्या मतांनी निवडू शकते, म्हणजे कमी शेअर असलेल्यांचाही माणूस बोर्डावर जावा. भागधारकाला असलेली ही सोय ठाण्याच्या चार जागांच्या प्रभागातल्या मतदाराला नाही.

मग आज याचं काय करायचं?

मतपद्धत ठरवणं हे काही फक्त निवडणूक आयोगाचं काम राहिलेलं नाही. सोसायटीच्या ॲपवर, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण रोज मतं घेतो. पोल टाकताना एक छोटं बटण असतं, एकापेक्षा जास्त उत्तरं चालतील की नाही. ते बटण म्हणजेच मतपद्धत.

कल्याणच्या १२ मित्रांची पावसाळी सहल ठरतेय असं समजा. ५ जणांना माळशेज, ४ जणांना कर्जत, ३ जणांना अलिबाग. एकच उत्तर असेल तर माळशेज जिंकलं, जरी ७ जणांची पहिली पसंती ते नसली. जास्त उत्तरं चालत असतील आणि अलिबागवाल्या तिघांनी कर्जतवरही टिक केलं, तर कर्जतला ७ मतं पडतात आणि गाडी कर्जतला जाते.

कुठली पद्धत बरोबर? सगळ्या कसोट्यांना उतरणारी एकही नाही. १९५१ ला, भारताची पहिली निवडणूक सुरू झाली त्याच वर्षी, अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी गणितानं दाखवून दिलं की तीन किंवा जास्त पर्याय असतील, तर लोकांच्या पसंतीक्रमांवरून न्यायाच्या सगळ्या साध्या अटी पाळणारा एकच सामूहिक निर्णय काढण्याची हमी कुठलीच पद्धत देऊ शकत नाही.

म्हणून पद्धत कामाप्रमाणं निवडायची. एकच गोष्ट ठरवायची असेल, जसं की सहलीचं ठिकाण किंवा इमारतीचा रंग, तर जास्तीत जास्त लोकांना चालेल ते शोधणारी पद्धत बरी. माणसं निवडायची असतील, जसं की कमिटी, तर लहान गटाचाही एखादा माणूस आत येईल अशी पद्धत बरी. आणि कुठलीही निवडली तरी मतं पडायच्या आधी ती सगळ्यांना सांगायची.

कारण निकालानंतर आपण उमेदवारांबद्दल बोलतो, नियमाबद्दल कुणी बोलत नाही. बाबासाहेब मात्र २७ व्या वर्षापासून नियमाबद्दलच बोलत होते. आपलं मत मोजलं जाणार की नाही, हे पुष्कळदा नियमातच ठरून गेलेलं असतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.